नेपाळमध्ये शाळा बांधायला दोन आठवडे जायचंय, पण माझा नक्की उपयोग होईल का?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. वाचते बरीच वर्षं पण धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की ऑफिसची तीन आठवडे सुट्टी साठलीय आणि यावेळी नुसतं फिरून यायचं नाही, हातानं काहीतरी करायचं असं डोक्यात आहे. मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण (ती अमेरिकेत असते, पासपोर्टही तिकडचाच) दोघींनी शोधाशोध केली तर एक संस्था सापडली, ती नेपाळच्या धादिङ जिल्ह्यात डोंगरातल्या एका गावात शाळेच्या दोन खोल्या बांधतेय आणि त्यासाठी बाहेरून स्वयंसेवक घेतेय. दोन आठवडे, गावातल्याच घरात राहायचं, सकाळी बांधकाम, दुपारी मुलांना इंग्रजी, शेवटी दोन दिवस ट्रेक. फी माणशी १,१०० डॉलर, विमान वेगळं. फोटो बघून दोघी विरघळलो हे कबूल करते.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "तुला भिंतीत खिळा ठोकता येत नाही, तू शाळा काय बांधणार?" सगळे हसले, मी पण हसले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

म्हणून विचारतेय. असं जाऊन खरंच कुणाचा फायदा होतो की आपलंच समाधान? त्या १,१०० मधले शाळेला किती जातात हे कसं कळणार? मैत्रिणीला टुरिस्ट व्हिसा चालेल का, कारण संस्थेनं लिहिलंय "एअरपोर्टवर टुरिस्ट म्हणा, बाकी काही सांगू नका", ते जरा खटकलंय. आणि ईमेलमध्ये लिहिलंय की काम मङ्सिर १५ ला सुरू, हे म्हणजे नक्की कधी??

उगाच_आगाऊ

सोप्या प्रश्नाचं उत्तर आधी. मङ्सिर म्हणजे मार्गशीर्षच पण आपल्यासारखा चंद्राचा नाही, नेपाळचं सरकारी कॅलेंडर विक्रम संवत आणि महिने सौर, त्यामुळे प्रत्येक महिना इंग्रजी महिन्याच्या मध्यावर सुरू होतो. मङ्सिर १५ म्हणजे १ डिसेंबरच्या आसपास. त्यांचं २०८२ साल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं, एवढं लक्षात ठेवलं की बाकी हिशोब जमतो. घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं, तेवढ्यासाठी फोन बदलू नका :)

बाकी म्हणाल तर जाऊन या. लोक तीन आठवडे रिसॉर्टमध्ये लोळतात त्यांना कोणी विचारत नाही उपयोग काय म्हणून.

ओळंबा

मी सिव्हिलवाला. २०१६ ते २०१८ नेपाळमध्ये होतो, भूकंपानंतरच्या शाळांच्या कामावर साइट बघायला, आधी सिंधुपाल्चोक, नंतर गोरखा. त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

२५ एप्रिल २०१५ चा भूकंप, ७.८ मॅग्निट्यूडचा, केंद्र गोरखातलं बारपाक. दुपारी बाराला चार मिनिटं कमी होती. जवळपास नऊ हजार माणसं गेली. शाळांच्या हजारो खोल्या पडल्या, पण तो शनिवार होता आणि नेपाळात शनिवारी शाळेला सुट्टी. बाकांवर दगड पडलेले वर्ग मी डोळ्यांनी बघितलेत, त्यात मुलं असती तर काय झालं असतं हा विचार तिथला प्रत्येक मास्तर अजून करतो. १२ मेला परत ७.३ चा बसला, तेव्हा उरलंसुरलं पडलं.

पडलं का, तर डोंगरातली जुनी भिंत म्हणजे मातीत बसवलेले ओबडधोबड दगड. बाहेरून दीड-दोन फूट जाड, भक्कम दिसते, पण आत ती एक भिंत नसतेच. बाहेरची एक रांग, आतली एक रांग, मधे चुरा आणि माती. हादरा बसला की दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटतात, पोट फुगतं आणि एक बाजू खाली. त्याला उपाय माहीत आहेत, नवीन काही नाही. दर दोन फूट उंचीला आणि साधारण चार-चार फुटांवर एक आरपार दगड, म्हणजे भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारा लांब दगड. खिडकीखाली, लिंटलला (म्हणजे दारं-खिडक्यांच्या वर) आणि छपराखाली काँक्रीटचे पट्टे चारही भिंतींना पट्ट्यासारखे फिरवून घेतलेले. कोपऱ्यात उभ्या सळया. पट्ट्यांतल्या सळयांना आवळून धरणाऱ्या रिंगांची टोकं १३५ अंशात आत वळवलेली, ९० वर सोडली की हादऱ्यात उघडतात.

आता यात तुम्ही कुठे बसता ते सांगतो. एकदा आमच्या साइटवर बाहेरून सोळा जणांचा ग्रुप आला होता. माणसं चांगली, मेहनती. पण सिमेंटचा माल कालवला की अर्ध्यापाऊण तासात संपवावा लागतो. तिकडचा डकर्मी (गवंड्याला नेपाळीत डकर्मी म्हणतात, सुताराला सिकर्मी) एक घमेलं दहा मिनिटांत लावून मोकळा. हे लोक एकेक दगड हातात घेऊन फिरवून बघणार, मधे फोटो, मधे पाणी, तोवर माल आळला. आळला की काय केलं, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि परत कालवला. दिसायला मऊ होतो, जोर मात्र गेलेला असतो. मी ओरडलो तेव्हा एक जण मला म्हणाला की रिलॅक्स, इट्स जस्ट अ वॉल. त्या दिवशी त्यांनी लावलेला सगळा थर काढायला लावला मी. राग आला त्यांना. येऊ दे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. भूकंपाच्या पट्ट्यात मुलांच्या डोक्यावरच्या भिंतीला शिकाऊ हात लागू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाजरकोटला परत तेच झालं, दीडशेवर माणसं गेली, मध्यरात्रीच्या आत घरात झोपलेली, तेच दगड तीच माती.

संस्थेला विचारा की ड्रॉइंग कुणाचं, सरकारी टाइप डिझाइन (ठरवून दिलेला नमुना) आहे का, पालिकेच्या इंजिनियरची सही आहे का, साइटवर रोज कोण असतं. उत्तर आलं नाही तर पैसेही देऊ नका आणि जाऊही नका.

पासपोर्टचं_पान

फक्त व्हिसाबद्दल. भारतीय पासपोर्टवाल्यांना नेपाळला व्हिसा लागत नाही, विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, नुसत्या आधारवर अडकू नका. मैत्रिणीचं वेगळं आहे. तिला पोचल्यावर टुरिस्ट व्हिसा मिळेल, १५ दिवसांचे ३० डॉलर, ३० दिवसांचे ५०, पण टुरिस्ट व्हिसावर काम करायला मनाई आहे आणि त्यात बिनपगारी कामही आलं. लोक सर्रास करतात, बऱ्याचदा काही होत नाही, पण झालं तर दंड तिला, संस्थेला नाही. "बाकी काही सांगू नका" असं जी संस्था लेखी कळवते तिला नियम माहीत आहे आणि तरी ती सांगतेय, एवढं पुरेसं आहे मला तरी.

आणखी एक बघा, परदेशी संस्थेला तिकडे काम करायचं तर समाज कल्याण परिषदेशी करार लागतो. ते पत्र मागा. पीडीएफ पाठवायला दोन मिनिटं लागतात.

टिचकी

ओळंबा, तुमच्या त्या सोळातली मी नव्हे पण असू शकले असते :D

मी २०१७ च्या हिवाळ्यात नुवाकोटला गेले होते, अशाच पॅकेजवर, नऊ जण होतो. जे झालं ते सांगते, चांगलं वाईट दोन्ही.

पोचलो त्या दिवशी शाळेची सगळी पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूला उभी, हातात झेंडूच्या माळा. आमची जीप तीन तास उशिरा. म्हणजे ती पोरं तीन तास उन्हात उभी होती, वर्ग बंद, मास्तर पण तिथेच. मग टिळा, माळा, भाषणं, नाच. मला तेव्हा भरून आलं होतं, डोळ्यात पाणी वगैरे. नंतर कळलं की दर पंधरा दिवसांनी एक बॅच येते आणि दर बॅचला हे असंच. हिशोब करा, वर्षाचे किती दिवस शाळा आमच्या स्वागतात गेली.

कामावर पहिल्या दिवशी आम्हाला विटा दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या म्हाताऱ्या डकर्मीनं, त्यांना सगळे बाजे म्हणायचे, आम्हाला हाक मारली आणि शाळेच्या खालच्या अंगाला नेलं, संडासाच्या मागे. म्हणाले, ही भिंत तुमची. ती म्हणजे उतारावरची माती अडवायला कोरड्या दगडांची कमरेएवढी बांधायची होती. ना सिमेंट ना काही. आम्ही नऊ जणांनी ती अकरा दिवसांत बांधली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा उभी राहिली. मला वाटायचं किती महत्त्वाचं काम दिलंय. परतीच्या बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला की त्या माणसानं आम्हाला किती सफाईनं शाळेपासून लांब ठेवलं! आमचा अपमान नाही, त्याच्या कामाचं नुकसान नाही. असा साइट मॅनेजर मला ऑफिसमध्ये कधी भेटला नाही.

मला मात्र चार दिवस एक दुसरं काम मिळालं कारण माझा पाय मुरगळला होता. रिंगा वाकवायच्या. एक फळी, त्यावर ठोकलेले तीन खिळे, हातात पाइपचा तुकडा. सळईचा कापलेला तुकडा खिळ्यांमधे घालायचा, पाइप अडकवून वाकवायचा, परत फिरवायचा, पाच वाकणं झाली की एक रिंग. पहिल्या वीस बाजेंनी भंगारात टाकल्या, एक शब्द न बोलता. टोक आत वळलं नाही की तिकडे. तिसऱ्या दिवसापर्यंत सत्तर व्हायला लागल्या, आणि त्या मात्र खरंच पट्ट्यात गेल्या, मी बघितल्या बांधताना. शाळेच्या भिंतीत काय ते माझं योगदान, दीडदोनशे रिंगा. तिथला एखादा पोरगा दोन दिवसांत तेवढ्या करतो.

आणि एक दृश्य विसरत नाही. वाळू खालच्या रस्त्यावर उतरवलेली, शाळा वर, पाऊण तासाची चढण. गावातल्या बायका डोकोत भरून वाळू वर आणायच्या, डोको म्हणजे पाठीवरची बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळावर, त्याला नाम्लो म्हणतात. मी अर्धा डोको घेऊन बघितला. तीस पावलं. मग मागची दिदी हसत हसत माझा पण ओतून घेऊन गेली. त्या बायकांना दिवसाची मजुरी मिळत होती आणि आम्ही फुकट (उलट पैसे देऊन) त्याच चढणीवर लुडबुड करत होतो. आम्ही नसतो तर त्या कामाचे अजून दोघींना पैसे मिळाले असते का, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. आता सुचतो.

जाऊ नका म्हणणार नाही मी. मला ते दोन आठवडे अजून पुरतायत. पण शाळेला मी दिलं त्यापेक्षा घेतलं जास्त, हे माहीत असून जा.

खडू_डस्टर

दुपारच्या इंग्रजीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. मी लमजुङमध्ये एक शैक्षणिक सत्र शिकवलंय, पाच महिने सलग, संस्थेमार्फत नाही, शाळेच्याच ओळखीनं. माझ्या आधी तिथे दोन-दोन आठवड्यांचे लोक येऊन गेलेले. पहिल्या दिवशी मी फळ्यावर "माय नेम इज" लिहिलं तर चौथीतली एक मुलगी उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, मिस, हे आम्हाला येतं, सगळे हेच शिकवतात. झालं होतं असं की प्रत्येक नवीन माणूस पहिल्या धड्यापासून सुरू करायचा, आणि दुसऱ्यापर्यंत पोचायच्या आत त्याचं विमान!

त्यात तुमच्या धादिङच्या वरच्या गावांमध्ये तामाङ वस्ती बरीच, तिथल्या लहान मुलांना नेपाळीच शाळेत आल्यावर शिकावी लागते. त्यांच्यासाठी इंग्रजी ही तिसरी भाषा. दोन आठवड्यात गाणी होतील, टाळ्या होतील, बाकी काही नाही. आणि तुमचा तास चालू असतो तेव्हा तिथला शिक्षक काय करतो माहितीये? बाहेर उन्हात बसतो. त्याला सवय लागते.

खरा प्रश्न शाळांचा दुसराच असतो. दरबन्दी हा शब्द शिकून जा, म्हणजे शिक्षकांची मंजूर पदं. खोल्या देणगीतून होतात, दरबन्दी देणगीतून येत नाही. मी होते तिथे आठ वर्गांना पाच शिक्षक. नव्या दोन खोल्या झाल्या त्यातली एक कुलूपबंद, आत जुनी बाकं.

आणि पटावर किती मुलं आहेत ते विचारा!! हे सगळ्यात आधी. २०२१ च्या जनगणनेत डोंगरातल्या बऱ्याच जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झालेली निघालीय, माणसं काठमांडूला, तराईत, आखातात. लहान शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळवणं चालू आहे सरकारचं. तुम्ही बांधलेली शाळा तीन वर्षांनी बंद यादीत असू शकते. २०१५ च्या राज्यघटनेनंतर शाळा स्थानिक पालिकांच्या हातात आल्यात (७५३ आहेत देशभर), म्हणजे काठमांडूला विचारायची गरज नाही, त्या गाउँपालिकेच्या शिक्षा (म्हणजे शिक्षण) शाखेतला माणूस फोनवर सांगेल की ही शाळा राहणार आहे का.

उगाच_आगाऊ

बरं झालं, आता ही बाई कुठेच जाणार नाही. अभिनंदन सगळ्यांचं.

अहो एखाद्याला काही करावंसं वाटतं त्याच्यावर किती थंड पाणी ओतायचं? तिचे १,१०० डॉलर, त्यातले निम्मे जरी शाळेला गेले तरी कुठून येणार होते एरवी? तिनं घरी बसून तेवढे दान केले असते का? मी नसते केले, खरं सांगतो. माणूस जातो, बघतो, मग देतो. बाहेरच्यांनी जाऊन काही चांगलं केलंच नाही का कधी?

ओळंबा

केलंय की. आणि चांगला मुद्दा काढलात, खवचटपणा सोडला तर.

बांगलादेशात दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रपूर नावाच्या गावात माती आणि बांबूची दुमजली शाळा आहे, जगभरचे आर्किटेक्ट बघायला जातात. ॲना हेरिंगर नावाच्या बाईंनी केली, २००७ चा आगा खान पुरस्कार मिळाला तिला. पण ती पहिल्यांदा त्या गावात गेली ती एकोणिसाव्या वर्षी, दीपशिखा नावाच्या तिथल्याच संस्थेकडे, जवळपास वर्षभर राहिली आणि शिकायला म्हणून राहिली. बांधलं कधी, तर २००५ च्या सुमारास, आर्किटेक्ट होऊन. बांधणारे हात गावातले, आणि काम झाल्यावर ते हात मातीचं चांगलं काम शिकलेले.

दुसरं बुर्किना फासोमधलं गांदो. फ्रान्सिस केरे त्याच गावचा, शाळेत गेलेला गावातला पहिला मुलगा, जर्मनीत शिकायला गेला आणि तिथे पैसे जमवून २००१ मध्ये स्वतःच्या गावात शाळा उभी केली. गावातल्या लोकांनी मातीच्या विटा पाडल्या, छत भिंतींपासून वर उचललेलं म्हणजे पत्र्याची धग खाली येत नाही, हवा खेळते. २०२२ चं प्रित्झकर हे आर्किटेक्चरचं पारितोषिक त्याला मिळालं. म्हणजे बाहेरून काय आलं बघा. पैसा आणि डिझाइन. हात गावातच होते, ते विमानानं आणावे लागले नाहीत.

आणि दान केलं असतं का म्हणाल तर तो मुद्दा मान्य. माणूस बघितल्याशिवाय देत नाही. मग बघायला जा, पाहुणे म्हणून जा, पण पाहुण्याच्या हातात थापी देऊ नका एवढंच म्हणणं आहे.

टिचकी

"पाहुण्याच्या हातात थापी" 😂 बाजेंना हे आवडलं असतं.

निळी_छत्री

बापरे, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. तीन आठवडे गप्प होते कारण एकेक गोष्ट विचारत बसले होते. काय काय झालं ते सांगते.

संस्थेला सहा प्रश्न पाठवले. दोन दिवसांत उत्तर आलं, पाच ओळींचं, त्यातल्या तीन ओळी माझ्या "सुंदर भावनेबद्दल" आभार. समाज कल्याण परिषदेचं पत्र "प्रक्रियेत आहे". फीचा हिशोब मागितला तर एक रंगीत गोल चित्र आलं ज्यात "समुदाय" असा एक मोठा तुकडा आणि त्यात काय येतं ते कुठेच नाही. पुन्हा विचारलं तेव्हा कळलं की गावातलं राहणं-जेवण, जीप आणि आमचा ट्रेक गाइड हे सगळं त्या "समुदाय" मध्येच. मैत्रीण तिथेच बाहेर पडली, म्हणाली मी माझे पैसे थेट कुठे देता येतील ते बघते.

मी मात्र खडू_डस्टर ताईंचं ऐकून गाउँपालिकेच्या शिक्षा शाखेला फोन लावला, माझी हिंदी त्यांची नेपाळी अशी दहा मिनिटं. शाळा खरी आहे. बंद यादीत नाही. पटावर १३४ मुलं, शेजारच्या वाडीवरची लहान शाळा मागच्या वर्षी हिच्यात मिसळवली म्हणून खोल्या कमी पडतायत. हे ऐकून इतकं बरं वाटलं ना, मला वाटत होतं सगळंच खोटं निघणार. आणि खोल्यांचे निम्म्याहून जास्त पैसे पालिकेचेच आहेत! संस्थेच्या वेबसाइटवर वाचून वाटतं की सगळं त्यांनीच केलंय.

त्यांनी हेडसरांचा नंबर दिला. व्हिडिओ कॉलवर हेडसरांनी अख्खी साइट फिरवून दाखवली, मागे कोंबडी फिरतेय, पायाचे चर झालेत, दगडांचे ढीग. मी ओळंबा सरांचे प्रश्न विचारले. ड्रॉइंग सरकारी, पालिकेच्या इंजिनियरची सही आहे. मग मी जरा धीर करून विचारलं की सर, मी आले तर तुम्हाला माझा काय उपयोग? ते थोडा वेळ गप्प. मला वाटलं कॉल कट झाला. मग म्हणाले, बहिणी, दगड लावायला माणसं आहेत. इंजिनियर महिन्यातून एकदा येतो, रस्ता असा. मधे सळया बांधतात, काँक्रीट ओततात, झाकून टाकतात, तो आल्यावर त्याला वरचं फक्त दिसतं. कोणी रोज झाकायच्या आधी फोटो काढून, माप लिहून त्याला पाठवणारं असतं तर. शिक्षकांना तास असतात आणि माझ्या फोनचा कॅमेरा फुटलाय.

फोटो काढून फाइलला नाव देऊन शीट भरणं!! मी पगार घेऊन हेच करते रोज!

तर एकटीच जातेय, दोन आठवडे, संस्थेशिवाय, शिक्षा शाखेच्या पत्रावर. राहणं हेडसरांच्या ओळखीच्या घरी, पैसे त्या घरालाच. शिकवणार नाही. हार नको असं आधीच सांगितलंय, ते हसले नुसते, म्हणजे मिळणार बहुतेक. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले "फोटो येतात तुला". एवढंच, पण चालेल.

ओळंबा सर, आता मला सांगा नक्की कशाचे फोटो काढू, मला रिंग आणि सळईतला फरक पण टिचकीचं वाचून कळलाय.

खडू_डस्टर

वा! तुमचा तेवढा जुना चालू फोन असेल तर तो हेडसरांना देऊन या परत येताना. आणि फोटोत मुलं येऊ देऊ नका, फोटो इंजिनियरसाठी आहेत. तुमच्या स्टेटसला गेले की प्रकरण वेगळं होतं.

ओळंबा

सर नको हो, वय वाढतं.

बघा, पायात काँक्रीट ओतायच्या आधी चराची खोली आणि रुंदी. कोपऱ्यातली उभी सळई पायातून निघालीय का, त्याचा जवळून एक. प्रत्येक पट्ट्याच्या वेळी सळया बांधून झाल्या की ओतायच्या आधी चारही कोपरे, कारण गडबड कोपऱ्यातच होते, सळई वळवून पलीकडच्या भिंतीत नेलेली पाहिजे, कोपऱ्यातच तोडलेली नको. रिंगांचं अंतर आणि टोकं, टिचकी सांगेल टोक कसं दिसायला हवं. सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवलेत का, नाहीतर ती तळाला टेकते आणि पुढे गंजते. भिंत चढताना आरपार दगड बसला की त्याच्यावर खडूनं खूण करायला सांगा आणि तसाच फोटो, गिलाव्यानंतर कोणालाच सांगता येत नाही आत आहे की नाही. आणि पाणी मारणं. काँक्रीटला किमान सात दिवस ओलं ठेवायला लागतं, डिसेंबरात धारा आटतात तिकडे आणि लोक तिसऱ्या दिवशी सोडून देतात. रोज संध्याकाळी ओल्या गोणपाटाचा एक फोटो. बोरिंग वाटेल, पण मला साइटवर असं माणूस मिळालं असतं तर मी त्याला खांद्यावर घेऊन नाचलो असतो.

डकर्मींना आधी भेटा, हेडसरांना सोबत घेऊन. तुम्ही चुका पकडायला आलात असं वाटलं तर पहिल्या दिवशीच माल आटपतील तुम्ही जेवायला गेलात की. पहिल्या दिवशी फोटो त्यांनाच दाखवा, त्यांच्या कामाचा चांगला फोटो त्यांना पाठवा. माणूस खूष असला की स्वतः हाक मारतो, ये बहिणी, हे झाकायच्या आधी काढ म्हणून.

प्रत्येक फोटोत टेप ताणून दिसली पाहिजे, नाहीतर त्या इंजिनियरला काही कळणार नाही. टेप दोन्ही बाजूंना आकडे असलेली घ्या, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं आणि डकर्मी इंचात बोलतात.